हरणाचा माग : नव्या शिकाऱ्याचे धडे

हरणाची शिकार कशी करावी, असे आज कोणी विचारले तर त्याला एकच सरळ उत्तर आहे : करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट आणि चिंकारा यांना पहिल्या परिशिष्टात घातले. या जनावरांना मारणाऱ्याला तुरुंग दाखवणारा हा कायदा आहे. तेव्हा विषय संपला, असे तुम्ही म्हणाल. पण इतिहासाच्या अभ्यासकाला तो इतक्यावर सोडता येत नाही. कारण 'हरीण कसे धरावे' हे ज्ञान आपल्या देशात हजारो वर्षे बापाने मुलाला, उस्तादाने शागिर्दाला आणि राजाच्या शिकाऱ्याने राजपुत्राला दिलेले आहे. एवढे जुने ज्ञान नुसते शिक्षेच्या कलमाखाली पुरून टाकले, तर त्याबरोबर पुष्कळ काही पुरले जाते. ते काय, हे पाहण्यासाठी आज आपण नव्या शिकाऱ्याच्या शाळेत जाऊन बसू. हातात बंदूक घ्यायची नाही, नुसते ऐकायचे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. मराठीत आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो. प्राणिशास्त्र मात्र त्यांची दोन घराणी मानते. चितळ, सांबर, भेकर हे खरे मृग. त्यांच्या नरांची शिंगे दर वर्षी गळतात आणि पुन्हा येतात. काळवीट आणि चिंकारा हे कुरंग. त्यांची शिंगे जन्मभर टिकतात, आणि काळविटाच्या शिंगांना तो पिळदार मळसूत्री आकार असतो. मृग बहुधा रानात, झाडीत राहतो. काळवीट मोकळ्या माळावरचा. आपल्या सोलापूर-नगरकडच्या माळरानाचा हा मूळचा रहिवासी. शिकाऱ्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण झाडीतला धडा माळावर चालत नाही.

हा अभ्यास किती जुना म्हणावा? मध्य प्रदेशात भोपाळजवळ भीमबेटकाच्या गुहा आहेत. १९५७ साली डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी त्या जगासमोर आणल्या. तिथल्या खडकांवर हरणे आहेत, त्यांच्या मागे धावणारी माणसे आहेत, धनुष्ये आहेत, भाले आहेत. आपल्याकडे घोड नदीच्या काठी इनामगावला १९६८ पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन झाले. ती वस्ती शेतकऱ्यांची. जव पिकवणारी, गुरे पाळणारी माणसे. पण त्यांच्याही घरांतून हरणांची हाडे निघाली. म्हणजे शेती आली तरी शिकार सुटली नव्हती. भाषाच बघा ना. 'मृग' हा शब्द 'शोधणे' या अर्थाच्या धातूशी जोडलेला. त्यातूनच 'मृगया'. आणि ज्या वाटेने जनावर जाते तो 'मार्ग'. आपल्या मराठीत त्याचाच 'माग' झाला. आपण चोराचा माग काढतो, हरवलेल्या कागदाचा माग काढतो, पण मुळात माग काढला तो हरणाचाच!

आता धडे घेऊ. पहिला धडा वाऱ्याचा.

नव्या शिकाऱ्याला आधी हत्यार देत नसत, आधी वारा दाखवत. मूठभर बारीक धूळ हातातून सोडायची आणि ती कुठे जाते ते पाहायचे. सांबर किंवा चितळ यांचे नाक इतके तिखट की माणसाचा वास त्यांच्याकडे गेला की खेळ संपला. तेव्हा वारा जनावराकडून आपल्याकडे यायला हवा. आपल्याकडून जनावराकडे जायला नको. त्यासाठी कोसभर वळसा पडला तरी घ्यायचा. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त चित्त्याकडून हरीण धरण्याच्या तीन रीती नोंदवल्या आहेत : उपरघाटी, रिघनी आणि मुहारी. त्यांतल्या मुहारीत चित्त्याला दबा धरून बसवताना वारा त्याच्या तोंडावर येईल असे पाहत, आणि त्याची गाडी उलट्या दिशेला हाकून नेत. हरणांचे लक्ष जाणाऱ्या गाडीकडे, आणि मरण दुसरीकडे बसलेले. बादशहाचा थाट मोठा खरा, पण वाऱ्यापुढे बादशहालाही नमावे लागे.

दुसरा धडा आडोशाचा. माळावरच्या काळविटाचा भरवसा नाकापेक्षा डोळ्यांवर जास्त. सपाट जमीन, गुडघाभर गवत, आणि चौफेर नजर फिरवणारा कळप. त्यात माद्या फार सावध. एकीने मान वर केली, पाय आपटला, की सगळ्या थबकतात. मग एकीने उंच उडी घेतली की पाठोपाठ सगळा कळप उसळत जातो. अशा ठिकाणी लपायचे कुठे? शिकारी सांगत, सरळ चालून जाऊ नका. कळपाला बगल देऊन, आपले भलतीकडेच काम आहे असे दाखवत, तिरके तिरके जवळ सरकत जा. टक लावून पाहू नका. आणि अचानक थांबू नका, कारण चालणाऱ्या माणसापेक्षा थांबलेल्या माणसाची हरणाला जास्त शंका येते.

याहून चतुर युक्ती म्हणजे बैलगाडी. पायी येणाऱ्या माणसाला पाहून पळणारे हरीण शेतकऱ्याच्या बैलगाडीला बुजत नसे. रोज पाहण्यातली वस्तू ती. चित्त्याची शिकार याच गोष्टीवर उभी होती. गाडीवर डोळ्यांना टोपी घातलेला चित्ता बसवायचा, गाडी कुरकुरत कळपाच्या कडेकडेने न्यायची, अंतर पुरेसे कमी झाले की टोपी काढायची. पारध्यांची याहून साधी रीत होती. शिकवलेली गाय किंवा बैल चरत चरत कळपाकडे चालायचा आणि पारधी त्याच्या खांद्याआड वाकून पावलाला पाऊल लावत जायचा. काही पारध्यांना 'गायपारधी' हे नाव पडले ते यावरूनच.

तिसरा धडा मनाचा, म्हणजे जनावराच्या मनाचा. इथे आपल्याला एक अनपेक्षित गुरुजी भेटतात : कौटिल्य. अर्थशास्त्रात राजाच्या व्यसनांची चर्चा आहे. मृगया वाईट की द्यूत वाईट, असा वाद कौटिल्याने मांडला आहे. पिशुन नावाच्या आचार्याचे मत, मृगया जास्त वाईट. कौटिल्य म्हणतो, नाही, द्यूत जास्त वाईट. कारण मृगयेत निदान काही लाभ आहेत. व्यायाम होतो, कफ, पित्त आणि मेद झडतो, स्थिर व हलत्या लक्ष्यावर नेम धरण्याचा सराव होतो, आणि राग व भय यांच्या वेळी जनावराचे चित्त कसे चालते ते कळते. कालिदासाच्या 'शाकुंतला'त दुष्यंताचा सेनापती जवळपास याच गोष्टी शिकारीच्या बाजूने बोलतो. म्हणजे हा मुद्दा जाणत्या मंडळींत रुळलेला होता.

या 'चित्तज्ञाना'चा पल्ला पाहा. चितळांचे कळप वानरांच्या झाडाखाली का रेंगाळतात? वानरे खाताना पाला, फळे खाली टाकतात, आणि उंचावरून वाघ दिसला की खकारतात. तेव्हा वानर गप्प तर चितळ निर्धास्त, वानर ओरडले तर चितळ सावध. ज्याला चितळ पाहायचे त्याने आधी झाडावर पाहावे. सांबर दिवसा दाट सावलीत बसते आणि रात्री चरते, म्हणून त्याची वाट पहाटे आणि संध्याकाळी धरायची. माजावर आलेला काळवीट आपला टापू राखतो, दुसरा नर आत आलेला त्याला खपत नाही. हेच ओळखून मोगलांच्या शिकारखान्यात पाळीव काळविटाच्या शिंगांना जाळे बांधून त्याला रानातल्या नरावर सोडत. दोघे भिडले की रानातल्याची शिंगे जाळ्यात अडकत. हरणानेच हरीण धरायचे! जहांगीर बादशहाचा असा एक काळवीट होता, मनसराज नावाचा. तो मेला तेव्हा बादशहाने त्याचे थडगे बांधले, त्यावर लेख कोरवला आणि त्या भागात कोणी हरीण मारू नये असा हुकूम काढला. आज पाकिस्तानात असलेल्या शेखुपुऱ्याचा 'हिरण मिनार' तो हाच. एका शिकारी बादशहाने एका हरणाच्या आठवणीसाठी मनोरा उभारावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

चौथा धडा धीराचा, आणि तो शिकवतो चित्ता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा ज्ञानकोश रचला. आपल्या मराठीच्या अगदी जुन्या ओळी ज्या ग्रंथांत सापडतात, त्यांतलाच हा एक. त्यात मृगयेवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि चित्त्याला शिकवून हरणे धरण्याचा आपल्या देशातला जुना उल्लेख त्यातच मिळतो. चित्ता वाऱ्यासारखा धावतो खरा, पण किती वेळ? काही शे मीटर, बस्स. तेवढ्यात हरीण सापडले तर सापडले, नाहीतर तो थांबतो, धापा टाकत बसतो आणि पुन्हा उठायला राजी नसतो. चित्तेवानाला हे ठाऊक असे. त्या दिवशी मग तो चित्त्याला मारून मुटकून दुसऱ्यांदा सोडत नसे.

आणखी एक गंमत. शिकारीसाठी चित्त्याचे पिल्लू पाळून उपयोग नसे. पूर्ण वाढलेला चित्ताच धरावा लागे. का? कारण शिकार त्याला त्याच्या आईने शिकवलेली असते, माणूस ती शिकवू शकत नाही. माणूस फक्त हातावर यायला, टोपी घालून घ्यायला आणि धरलेले जनावर सोडायला शिकवतो. चित्ते ज्या झाडांच्या खोडांवर नखे घासायला येतात ती झाडे हेरून तिथे तातीचे फास लावत. बंदिवासात चित्त्याची वीण जवळजवळ होतच नसे. जहांगीर लिहितो की आपल्या वडिलांनी हजारभर चित्ते गोळा केले, पण त्यांची जोडी जमेना. त्याच्या स्वतःच्या कारकीर्दीत एकदा पिल्ले झाली. त्यानंतर अशी नोंद मिळते ती एकदम १९५६ साली, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात. मधली साडेतीनशे वर्षे लागणारा प्रत्येक चित्ता रानातूनच उचलला जात होता. हिशेब सोपा आहे. रान ही काही न आटणारी विहीर नव्हे.

पाचवा धडा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत विसरला गेलेला : कोणाला मारू नये. महाभारतातला पंडू आठवतो ना? त्याने जोडीने रमलेल्या हरणांवर बाण टाकला आणि हरणाच्या रूपातल्या ऋषीचा शाप घेतला. एरवी शिकार करणारा राजा निर्दोष, पण या वेळी नाही. ही कथा म्हणजे शिकाऱ्यांच्या धर्माचे एक कलमच आहे. दुष्यंताला तपस्वी आडवा येतो, हे आश्रमाचे हरीण आहे म्हणतो, आणि राजा चढवलेला बाण उतरवतो. कौटिल्य तर कलमेच घालून देतो. अभयवनातल्या मृगांना मारणाऱ्याला तो मोठा दंड सांगतो. पुढच्या काळातल्या जाणत्या शिकाऱ्यांनीही हेच नियम पाळले : मादीवर नेम नाही, पाणवठ्यावर नेम नाही, आणि जखमी जनावर टाकून घरी येणे नाही. अंधार पडला तरी रक्ताचा माग काढत जायचे आणि त्याचे हाल संपवायचे. जो हे करीत नसे त्याला शिकारी म्हणत नसत, खाटीकही म्हणत नसत. खाटीक निदान आपले काम पुरे करतो.

या धड्याचा सर्वांत मोठा विद्यार्थी म्हणजे अशोक. त्याच्या पहिल्या शिलालेखात आहे की पूर्वी राजवाड्याच्या मुदपाकखान्यासाठी रोज लाखो जीव मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जातात, हरीणही रोज नाही, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. आठव्या लेखात तो सांगतो, पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, त्यात मृगया असे. मी राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी धर्मयात्रा सुरू केली. आता योगायोग पाहा. आपल्या नालासोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या लेखाचा एक तुकडा सापडला. तो कोणत्या लेखाचा? याच आठव्या लेखाचा! 'मी शिकार सोडली' असे सांगणारा सम्राटाचा शब्द महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दगडावर कोरला गेला होता. तो तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मुंबईला गेलात तर जरूर पाहा.

आता एक प्रश्न विचारतो. हे सारे धडे शिकवले कोणी? ग्रंथांवर नावे राजांची आहेत. इंग्रजी अमदानीत कॅप्टन फोर्साइथने १८७१ साली मध्य हिंदुस्थानच्या डोंगररानांवर पुस्तक लिहिले, डनबार ब्रँडरने १९२३ साली तिथल्याच वन्य प्राण्यांवर लिहिले. ही पुस्तके चांगली आहेत, वाचण्यासारखी आहेत. पण साहेबाच्या पुढे चालून माग दाखवणारा माणूस कोण होता? वारा पाहणारा, वाकलेल्या गवतावरून जनावर किती वेळापूर्वी गेले ते सांगणारा? तो गोंड होता, भिल्ल होता, आणि आपल्याकडे पारधी होता.

पारध्यांचे भेद त्यांच्या हत्यारांवरून आणि धंद्यावरून पडले. चित्ते धरणारे आणि शिकवणारे ते चित्तेपारधी, फास लावणारे ते फासेपारधी. फासेपारध्यांची कला बघण्यासारखी होती. जनावरांच्या तातीचे बारीक फास एका लांब दोरीला ओळीने बांधायचे, खुंट्यांनी जमिनीला टाचायचे, आणि मग दूरवरून हळूहळू कळप त्या बाजूला सरकवायचा. आरडाओरडा नाही, धावपळ नाही. हरीण पळाले तर फासावरून उडी मारून जाईल, म्हणून त्याला पळू द्यायचे नाही, चालू द्यायचे. मघाशी सांगितलेले चारही धडे या एका कामात एकत्र येतात. वारा, आडोसा, जनावराचे मन आणि माणसाचा धीर. कोणत्याही विद्यापीठात न गेलेल्या माणसांची ही विद्या होती.

आणि या गुरूंना गुरुदक्षिणा काय मिळाली? १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या दुरुस्तीनंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी जन्माला आला की तो गुन्हेगार. हजेरी द्यायची, गाव सोडायला परवानगी घ्यायची. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाची वसाहतच होती, तिला लोक 'सेटलमेंट' म्हणत. गंमत अशी की राजा हरीण मारी ती मृगया, साहेब मारी तो खेळ, आणि पारधी मारी ती चोरी. हरीण तेच, माळ तोच, फक्त मारणारा बदलला. इतिहासात न्याय कसा मोजला जातो याचे याहून बोलके उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

आपल्या कोल्हापुरात मात्र या विद्येचा शेवटचा बहर दिसला. छत्रपती शाहू महाराजांना शिकारीचा मोठा षोक. कोल्हापूर दरबारात चित्ते होते, ते सांभाळणारे चित्तेवान होते, आणि माळावर काळविटांचे कळप होते. राजाराम महाराजांच्या कारकीर्दीतही, म्हणजे १९२२ ते १९४० या काळात, ही परंपरा चालू राहिली. पण तोपर्यंत हिंदुस्थानात चित्ताच मिळेनासा झाला होता. कोल्हापूर आणि भावनगर या दोन संस्थानांनी मग चित्ते आफ्रिकेहून आणले. कुठे अकबराचे हजार चित्ते, आणि कुठे बोटीतून आणलेले हे पाहुणे!

आता गोष्टीचा खरा गाठीचा भाग येतो. शिकारीने प्राणी संपले, असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. शिकार हजारो वर्षे होत होती, तरी माळावर कळप होते. मग विसाव्या शतकात असे काय झाले? माझ्या मते उत्तर या धड्यांतच आहे. वारा पाहावा लागे, आडोसा शोधावा लागे, तासन् तास वाट पाहावी लागे. शिकार अवघड होती, आणि ती अवघड होती हेच हरणाचे खरे कवच होते. दिवसभर खपून एक हरीण मिळे, पुष्कळदा तेही नाही. मग लांब पल्ल्याची रायफल आली, मोटार आली, जीप आली, झगझगीत दिवे आले. रात्री दिव्याच्या झोतात हरीण गोठून उभे राहते. त्याला ना वारा लागतो, ना आडोसा, ना धीर. नव्या शिकाऱ्याला काहीच शिकण्याची गरज उरली नाही. ज्या दिवशी ही विद्या निरुपयोगी झाली, त्या दिवशी हरणाचे कवच गळून पडले.

याचा पुरावा चित्त्यानेच दिला. १९४७ च्या सुमारास आज छत्तीसगडात असलेल्या कोरिया संस्थानच्या राजाने रात्री मोटारीतून जाताना दिव्याच्या उजेडात तीन चित्ते मारले. भारतातल्या रानटी चित्त्यांची ही शेवटची पक्की नोंद समजतात. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. आणि त्याच १९५२ साली गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. एका वर्षात दोन निकाल लागले. चित्तेपारध्याच्या कपाळावरचा शिक्का कागदावर पुसला गेला, आणि त्याचा चित्ता रानातून पुसला गेला. तो मोकळा झाला तेव्हा त्याची विद्या चालवायला काही उरलेच नव्हते.

काळवीट वाचला, पण थोडक्यात. स्वातंत्र्यानंतर पिकांच्या रक्षणासाठी बंदुका वाटल्या गेल्या, माळ नांगराखाली आले, जीप गावोगाव पोहोचल्या. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, पण माळावर तो पोहोचायला वेळ लागला. १९७२ चा केंद्राचा कायदा आल्यावर हात बसला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही थांबली. १९८० साली कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य झाले. क्षेत्र अवघे सव्वादोन चौरस किलोमीटरच्या आत, पण कौटिल्याच्या 'अभयवना'चाच तो वारस म्हणायला हवा. चित्ताही परत आणण्याचा प्रयत्न सुरू झाला. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आलेले आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला सोडण्यात आले. पुन्हा आफ्रिकेतूनच. कोल्हापूरच्या दरबाराने केले तेच, पण हेतू अगदी उलटा.

इथे शेतकऱ्याची बाजू सांगितली नाही तर मी अन्याय करीन. काळविटांचा कळप रात्रीतून ज्वारी-हरभऱ्याचे शेत साफ करतो, तेव्हा शहरात बसून हरणाच्या डोळ्यांचे कौतुक करणे सोपे असते. अभय देणे म्हणजे त्याची किंमत कोणीतरी मोजणे. ती किंमत एकट्या माळावरच्या शेतकऱ्याने मोजावी, हे बरोबर नाही. नुकसानभरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळणे हा हरणाच्या रक्षणाचाच भाग आहे. अभय फुकट असते असे कौटिल्यानेही कुठे म्हटलेले नाही.

मग या जुन्या धड्यांचे आता काय करायचे? माझे म्हणणे असे की ते फेकून द्यायचे नाहीत, त्यांचा हेतू बदलायचा. रेहेकुरीला किंवा नान्नजच्या माळावर गेलात तर मूठभर धूळ सोडून वारा पाहा. कळपाकडे सरळ चालून जाऊ नका, तिरके चाला. टक लावू नका. पहाटे जा. वानर काय बोलते ते ऐका. आणि धीर धरा. हातात बंदुकीऐवजी दुर्बीण असेल, कॅमेरा असेल, किंवा गणना करणाऱ्याची वही असेल. शिकाऱ्याला लागत होते ते सारे गुण पाहणाऱ्यालाही लागतात, फक्त शेवटचे पाऊल टाकायचे नसते. पाचवा धडा, कोणाला मारू नये हा, आता सगळ्यांत पहिला झाला आहे, एवढाच काय तो अभ्यासक्रमातला बदल.

आणि आणखी एक. तुमच्या तालुक्यात, गावाबाहेरच्या पालांवर कुठेतरी एखादा म्हातारा पारधी असेल. त्याने स्वतः कदाचित हरीण धरले नसेल, पण आजोबांकडून ऐकलेले त्याला आठवत असेल. मागावरून जनावर ओळखणे, पाखरांच्या ओरडण्यावरून वेळ सांगणे, गवताच्या वाकण्यावरून दिशा काढणे. हे ज्ञान लिहिलेले नाही. ते त्याच्याबरोबर जाईल. वनखात्याला आणि आपल्या महाविद्यालयांना माग काढणाऱ्या माणसांची गरज आहे, आणि त्या माणसाच्या नातवाला प्रतिष्ठेच्या कामाची. दोघांची गाठ घालून देणे काही फार अवघड नाही. राजे गेले, साहेब गेले, चित्ते गेले आणि परत आले. ज्याने सर्वांना शिकवले तो मास्तर मात्र अजून वर्गाबाहेर उभा आहे. त्याला आत बोलवायला हवे. त्याच्याकडे जाल तेव्हा 'अरे-तुरे' करू नका. 'बाबा, जरा सांगता का,' असे म्हणून त्याच्या शेजारी बसा आणि ऐका.